कुस्ती चार दिवसांची, मैदान वर्षभराचं

आज धाराशिवच्या मैदानावर जाऊ या.

नोव्हेंबर 2023. 15 तारखेला भाऊबीज झाली आणि त्याच आठवड्यात आपल्या तुळजाभवानी स्टेडियमवर 65वी महाराष्ट्र केसरी रंगली. शेवटच्या कुस्तीत शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. राज्याची कुस्ती आपल्या दारात आली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण आज गदेबद्दल नाही, मैदानाबद्दल बोलू.

आपल्याकडं स्टेडियम म्हणजे फक्त स्पर्धेची जागा नसते. पहाटे पाचला तिथं पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर, आणि या एका धावण्याला 20 गुण. काही सेकंद इकडं-तिकडं झाले की वर्ष वाया. आता मैदानावर मंडप, आखाडा, गॅलऱ्या उभ्या राहिल्या की ही पोरं जाणार कुठं? हायवेच्या कडेला. अंधारात, ट्रकच्या शेजारून. स्पर्धा चार-पाच दिवसांची असते. पण बांधणी आधी सुरू होते आणि आवराआवर नंतर. शेवटी जमिनीत राहिलेले खिळे अनवाणी पळणाऱ्याच्या पायात जातात.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. रस्ता वळवला की रिक्षावाला लांबून फिरतो आणि भाडं वाढवतो. गाडेवाल्याला उठवतात. त्यात दिवाळीचा आठवडा. माहेरहून परत निघालेल्या बायका लेकरं घेऊन एसटी स्टँडवर.

आणि पाणी. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धाराशिव तालुका होता. आपलं शहर पाण्यासाठी लांबच्या उजनीकडं बघतं. पाहुण्यांना पाणी द्यायलाच हवं, तो आपला रिवाज आहे. पण त्या दिवसांत गल्लीतला नळ कधी येणार, हे आधी सांगायला काय हरकत आहे?

हा प्रश्न कोर्टातही गेलाय. एप्रिल 2016 आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं आणि मुंबई-पुण्यात आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारत होते. मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. फायनल बंगळुरूला झाली. क्रिकेट काही बंद पडलं नाही.

मग स्पर्धा नकोत का? हव्यात. लाल मातीत जोड लागलेली बघून ज्याचं रक्त उसळत नाही, तो आपला नव्हेच! मागणं एवढंच आहे. रस्ते आणि पाण्याचं वेळापत्रक आठ दिवस आधी जाहीर करा. भरतीवाल्यांसाठी पहाटेपुरतं एखादं कॉलेजचं मैदान उघडा. आणि मैदान परत कधी, कोणत्या अवस्थेत मिळणार, ते लिहून द्या. यातल्या कशालाही कोटी रुपये लागत नाहीत. लागतं ते फक्त गावाला विचारणं.

कारण पुढचा शिवराजही अशाच कुठल्यातरी मैदानावर पहाटे पळत असणार. त्याला कुलूप दिसायला नको.

तुमच्या गावात स्पर्धा झाली तेव्हा काय बदललं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.