पहिला शब्द वाया गेल्यावर



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय छापला आहे तो असा : ‘सहकाऱ्यांवर आपला प्रभाव – एक आत्मपरीक्षण’. तो वाचून कुणाला वाटलं असेल की आज साहेबांना गुंडाळायच्या युक्त्या कळणार. तशी आशा धरून आलेल्यांची मी आधीच माफी मागतो. माझं म्हणणं अगदी थोडक्यात असं आहे : कामाच्या ठिकाणी दुसऱ्याकडून काम करून घेण्याची आपली एक पद्धत असते, आणि ती नेमकी कशी आहे हे आपल्यापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जास्त ठाऊक असतं.

समजा, तुम्ही हिशेब विभागात आहात. महिनाअखेर आली तरी खरेदी विभागातून बिलं आलेली नाहीत. तिथले गृहस्थ ना तुमचे साहेब, ना तुमच्या हाताखालचे. बरोबरीचे. आता एक जण जाऊन सांगेल, “अहो, बिलं अडकली की पुरवठादाराचे पैसे अडकतात, पुढचा माल अडकतो आणि बोलणी तुम्हालाच खावी लागतात.” दुसरा म्हणेल, “तुमच्याइतकं चोख काम इथे कुणाचं आहे? म्हणून तर तुमच्याकडे आलो.” तिसरा भीड घालेल : “एवढं माझ्यासाठी करा हो.” चौथा सौदा करेल : “तुमचा प्रवासभत्ता आजच काढतो, तेवढी बिलं पाठवून द्या.” पाचवा परिपत्रकावर बोट ठेवेल. सहावा चार जणांना घेऊन जाईल. सातवा तिथे जाणारच नाही, परस्पर साहेबांच्या कानावर घालेल. आणि आठवा टेबलाशी उभा राहून विचारेल, “दर महिन्याला उशीर होतोय, तुमची अडचण नेमकी कुठे आहे?”

यातला मी कोणता, हे तुम्ही मनातल्या मनात ठरवूनही टाकलं असेल. बहुतेकांनी पहिला किंवा आठवा नंबर घेतला असणार. सातवा कुणीच घेतला नसेल. तरीही प्रत्येक कचेरीत साहेबांच्या कानावर सगळं जातंच. तेव्हा स्वतःबद्दलच्या स्वतःच्या साक्षीवर फार विसंबू नये.

या गोष्टीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. डेव्हिड किपनिस, स्टुअर्ट श्मिट आणि इयन विल्किन्सन या तिघांनी १९८० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १६५ नोकरदारांना त्यांनी आपलं म्हणणं कसं गळी उतरवलं याचा एकेक प्रसंग लिहायला सांगितला. त्यातून ३७० युक्त्या निघाल्या. वरिष्ठांपुढे माणसं कारणं मांडतात आणि हाताखालच्यांपाशी हुकमाच्या भाषेवर येतात, हेही त्यांना दिसलं. म्हणजे एकच गृहस्थ वरच्या मजल्यावर वकील असतो आणि खालच्या मजल्यावर फौजदार. पुढे गॅरी युक्ल या संशोधकाने प्रश्नावली तयार केली. तिची खुबी अशी की, ती तुमच्याबद्दल तुमच्या सहकाऱ्यांनी भरायची. युक्ल यांनी परिणामांचेही तीन प्रकार केले : मनापासून होकार, कामापुरता होकार आणि नकार. आपल्याकडचा नकार बहुधा ‘बघतो’ या शब्दात येतो, तो ओळखायला शिकावं लागतं. या अभ्यासांत असं आढळलं की कारणं नीट मांडणं, समोरच्याला विचारात घेणं आणि त्याच्या मनातल्या मूल्यांना हात घालणं यांतून मनापासूनचा होकार मिळण्याची शक्यता जास्त. दमदाटी, नियमावर बोट आणि चार जणांचं दडपण यांतून मिळालाच तर कामापुरता.

आता आपल्याकडचे साम, दाम, दंड, भेद आहेतच. पण ते उपाय राजाला सांगितलेले. ज्याच्या शेजारी उद्या दुपारी डबा उघडून बसायचं आहे, त्याच्यावर दंड आणि भेद चालवून कसं भागेल?

मला आज विशेष सांगायचं आहे ते एका डॉक्टरबद्दल. इग्नाझ सेमेलवाइस. १८४७ साली तो व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात काम करत होता. तिथे दोन कक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण कितीतरी जास्त असे. पहिल्या कक्षात आपली वर्णी लागू नये म्हणून बायका गयावया करत. कारण सापडत नव्हतं. त्याच वर्षी याकोब कोलेच्का हा त्याचा मित्र शवविच्छेदनाच्या वेळी चाकू लागून वारला, आणि त्याच्या शरीरात दिसलेल्या खुणा बाळंतज्वरासारख्याच होत्या. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत होते. मरण त्यांच्याच हातांवरून येत होतं. त्याने दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याचं पाणी ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही असा दंडक घातला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या; उन्हाळ्यात ते प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं.

याहून बिनतोड पुरावा काय असतो? तरीही सहकाऱ्यांना पटलं नाही. त्याच्या वरिष्ठाने, योहान क्लाइनने, १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली नाही. या कथेत आपण नेहमी जुनाट डॉक्टरांना दोष देतो. दोष होताच. पण जंतूंचं शास्त्र अजून उभं राहायचं होतं, त्यामुळे ‘का’ या प्रश्नाला त्याच्याकडे सर्वांना मान्य होईल असं उत्तर नव्हतं. आणि त्याचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे आजवर या बायका माझ्या हातून गेल्या हे प्रत्येक डॉक्टरला मान्य करावं लागणार होतं. एवढं कडू औषध आकड्यांच्या जोरावर कोण घेणार?

पण आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढेच आहे. पहिला शब्द वाया गेल्यावर त्याने काय केलं? स्कोडा, रोकितान्स्की, हेब्रा अशी त्या काळची मातब्बर डॉक्टर मंडळी त्याच्या बाजूला होती. हेब्राने तर त्याच्या शोधाबद्दल स्वतः लिहिलं. सेमेलवाइसने स्वतः मात्र सविस्तर लिहायला चौदा वर्षं घेतली. १८५० मध्ये तो मित्रांचाही निरोप न घेता व्हिएन्ना सोडून हंगेरीतल्या पेस्टला निघून गेला. १८६१ साली ग्रंथ आला, त्यावर टीका झाली, तेव्हा त्याने युरोपातल्या नामांकित प्राध्यापकांना खुली पत्रं लिहिली आणि त्यांना खुनी ठरवलं. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माणूस हळवा आणि प्रामाणिक होता. पण आधी हुकूम, मग अबोला, मग आरोप, एवढ्या तीनच पायऱ्या त्याच्यापाशी होत्या.

याच्या उलट उदाहरण त्याच धंद्यातलं, आपल्या काळातलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तेव्हा काम करणारे पीटर प्रोनोव्होस्ट. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालताना रक्तात जंतुसंसर्ग होतो, तो रोखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींची छोटी यादी केली. पहिली गोष्ट पुन्हा तीच : हात धुवा. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. अडचण होती ती करून घेण्याची. त्यांनी परिचारिकांना अधिकार दिला की यादीतली पायरी चुकली तर डॉक्टरलाही थांबवायचं, आणि रुग्णालयाचे वरिष्ठ त्यांच्या पाठीशी राहतील अशी व्यवस्था केली. संसर्गाचे आकडे ज्या त्या विभागाला त्याचे त्याचे दाखवले. दुसऱ्याचे आकडे माणूस खोडून काढतो, स्वतःचे आले की गप्प होतो. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हे राबवलं गेलं आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दीड वर्षात संसर्गाच्या प्रमाणात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. दोघांचा आग्रह एकच, पण दुसऱ्याने सहकाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात न बसवता कामात भागीदार करून घेतलं.

म्हणून मी म्हणतो, माणसाची खरी शैली पहिल्या वाक्यात सापडत नाही. पहिलं वाक्य सगळेच गोड बोलतात. समोरचा ‘बघतो’ म्हणाल्यावर दुसरं वाक्य कोणतं येतं, तिथे ती सापडते. कुणी आवाज चढवतो, कुणी तेच कारण पुन्हा मोठ्याने सांगतो, कुणी रुसून बसतो, कुणी थेट वर जातो. आणि हे आपल्याला आठवत नाही, कारण तोवर आपण रागात असतो.

तेव्हा तपासणीची रीत अशी. गेल्या वर्षभरातले चार-पाच प्रसंग कागदावर उतरवा. त्यात निम्मे तरी फसलेले हवेत. प्रत्येकापुढे लिहा : मला काय हवं होतं, कुणाकडून, मी आधी काय बोललो, उत्तर काय आलं, मग मी काय बोललो, आणि महिन्याभराने मी तिथे नसताना ते काम तसंच चालू होतं का. हा शेवटचा रकाना फार बोलका असतो. मागे लागेपर्यंत चालणारं आणि पाठ फिरताच थांबणारं काम म्हणजे कामापुरता होकार. मग कागद आडवा वाचा. साहेबांशी एक भाषा आणि शिपायाशी दुसरी असं निघालं, तर आपण ज्याला स्वभाव म्हणतो ती नुसती हुद्द्याची सोय आहे हे कळेल.

दुसरा भाग सहकाऱ्यांचा. ‘मी कसा वागतो?’ असं विचारू नका. ‘तुम्ही फार चांगले आहात’ असं उत्तर मिळेल आणि चहाचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. विचारा, “मागच्या वेळी तुम्ही हो म्हणालात, ते कशामुळे?” पटलं म्हणून, की कटकट मिटावी म्हणून, हे उत्तरातून कळतं. हाताखालची माणसं तोंडावर खरं बोलणार नाहीत. त्यांच्याकडून नाव न घालता लिहून घ्या.

एक पथ्य मात्र पाळा. ठाम बोलणारा पुरुष खमक्या ठरतो आणि तेच बोलणारी बाई उर्मट ठरते, असं आपल्या कचेऱ्यांत सर्रास चालतं. तेव्हा सहकाऱ्यांचं मत वाचताना त्यात तुमची शैली किती आणि त्यांचा चष्मा किती, हे वेगळं काढा. आणि दंडाची भाषा सर्वस्वी त्याज्य, असंही कुणी समजू नये. चालू यंत्रात हात घालणाऱ्याशी विचारविनिमय करत बसायचं नसतं. यंत्र बंद करायचं असतं. पण रोजच्या बिलांसाठी तीच भाषा वापरली की खऱ्या प्रसंगी तिचं वजन उरत नाही.

श्रोतेहो, कागद, रकाने हे सगळं जमणार नसेल तर निदान एक करा. कामाच्या ठिकाणी तुम्हाला नाही म्हणालेला कुणीतरी आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. त्याच्याकडे पुन्हा जाल तेव्हा आपलं कारण सांगण्याआधी त्याची अडचण विचारा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका. एवढं ज्याला जमेल त्याला माझ्या व्याख्यानाची गरज नव्हती, असं मी समजेन.