छेदबिंदूचा मोह



औषधनिर्माणशास्त्राच्या एचपीएलसीवरच्या प्रबंधांत एक आकृती हमखास भेटते. गोळीतल्या दोन-तीन औषधांचे यूव्ही आलेख एकावर एक काढलेले, ते एकमेकांना छेदतात तिथे बाण, आणि खाली ओळ : ‘ही तरंगलांबी निवडली.’ परीक्षकही सहसा पुढे विचारत नाहीत.

छेदबिंदूला खरे काम असते ते स्पेक्ट्रोफोटोमेट्रीत, जिथे औषधे वेगळी न करताच मोजायची असतात. एचपीएलसीत ती कॉलमने आधीच वेगळी केलेली असतात. शिवाय त्या बिंदूवर शोषण सारखे येते ते सारख्याच तीव्रतेच्या द्रावणांचे. गोळीत अशी समता कुठली? मधुमेहावरच्या एका प्रचलित गोळीत मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम आणि ग्लिमेपिराइड अवघे 1 मिलिग्रॅम असते. तरंगलांबी ठरवताना आधी विचार व्हायला हवा तो या एका मिलिग्रॅमचा.

क्षयरोगावरची चार औषधांची गोळी या बाबतीत फार शिकवून जाते. भारतातल्या सरकारी उपचारात प्रौढांना मिळणाऱ्या या गोळीत रिफॅम्पिसिन 150, आयसोनियाझिड 75, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असते. अमेरिकी फार्माकोपियाच्या पद्धतीत पहिली तीन औषधे 238 नॅनोमीटरवर मोजतात. पायराझिनामाइडचे शिखर 268 च्या आसपास, आयसोनियाझिडचेही 260 च्या पुढे. 238 जवळचे आहे ते रिफॅम्पिसिनला. म्हणजे वजनाने सर्वांत भारी औषध इथे आपल्या शिखरापासून दूर मोजले जाते, आणि त्याने काही बिघडत नाही. त्याचे पीक तरीही भरपूर मोठे येते. चौथ्याची गोष्ट निराळी. इथॅम्ब्युटॉलच्या रेणूत बेंझिनसारखे वलय नाही की संयुग्मित द्विबंध नाहीत. त्याला वेगळी पद्धत आणि 200 नॅनोमीटर. तिथे मिथेनॉल चालत नाही, कारण 205 च्या खाली ते स्वतःच प्रकाश शोषते. अ‍ॅसिटोनायट्राइल 190 पर्यंत साथ देते.

सर्दीच्या गोळीत अडचण उलट्या बाजूने येते. पॅरासिटामॉल 500, फिनाइलेफ्रिन 10, क्लोरफेनिरामाइन मॅलिएट 2 मिलिग्रॅम. धाकट्या दोघांसाठी द्रावण तीव्र करावे तर पॅरासिटामॉलचे पीक डिटेक्टरच्या रेषीय मर्यादेबाहेर जाते. क्लोरफेनिरामाइन ठळक दिसावे म्हणून 220 च्या खाली उतरावे तर सुरुवातीलाच एक अनोळखी पीक उगवते आणि नवखा विश्लेषक अशुद्धी सापडली म्हणून धावपळ करतो. ते असते मॅलेइक आम्ल, क्षारातलेच! नुसत्या मॅलेइक आम्लाचे एक इंजेक्शन दिले की शंका फिटते. पॅरासिटामॉलसाठी वेगळे, पातळ द्रावण करणे किंवा दोन पीकांच्या मधल्या मोकळ्या जागेत तरंगलांबी बदलणे, हे दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. एकाच इंजेक्शनात, एकाच तरंगलांबीवर सारे उरकण्याचा हट्ट मात्र महागात पडतो.

आलेखाच्या उतारावरची तरंगलांबी निवडली तर उपकरणातला एक-दोन नॅनोमीटरचा फरकही निकालात उतरतो. म्हणून शिखर नाही तर निदान सपाट भाग शोधावा. त्यासाठी मिथेनॉलमधले जुने आलेख पुरत नाहीत; पीएच बदलला की शिखर सरकते. डायोड अ‍ॅरे डिटेक्टर पीकच्या माथ्यावरच, त्याच मोबाइल फेजमध्ये, पूर्ण आलेख देतो.

पण त्याच्याही सेटिंगकडे डोळसपणे पाहायला हवे. काही उपकरणांत संदर्भ तरंगलांबी मुळातच 360 नॅनोमीटरवर ठेवलेली असते. अ‍ॅम्लोडिपिन नेमके तिथेही शोषते. संदर्भाचा संकेत वजा होतो, पीक लहान दिसते, आणि दोष नमुन्याच्या माथी जातो.