अर्ज पटला पाहिजे

गुरुजनहो, मुलांना अर्ज लिहायला सांगा. ‘कृपा व्हावी’ हे शब्द चारदा येतील. कारण मात्र एकदाही येणार नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेले निवेदन बघा. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो, हे कारण. म्हणून निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही नेमकी मागणी.

उद्या फळ्यावर ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे दोनच शब्द लिहा. मग शाळेच्या नळासाठी पंचायतीला अर्ज लिहू द्या. ‘नळ दुरुस्त व्हावा’ एवढ्याने भागत नाही. ‘मुली पाण्यासाठी ओढ्यावर जातात, म्हणून त्यांचा तास बुडतो’ असे लिहिले, की सरपंचांना उत्तर द्यावेच लागेल. मात्र किती मुली, किती तास, हे मुलांनी स्वतः मोजलेले असावे, बरं का! ज्याला कारण मांडता येते, तो पुढे कचेरीच्या दारात नुसता हात जोडून उभा राहत नाही.