घर्षणावरून उष्णतेचा हिशेब
(स्वागताध्यक्षीय भाषण)

वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये भट्टीतला तापलेला धूर लांब नळ्यांतून वाहतो आणि नळ्यांभोवतीच्या पाण्याला उष्णता देतो. धूर जितक्या जोराने ओढला जाईल तितका त्याचा नळीतला मुक्काम कमी. म्हणजे तो बरीचशी उष्णता अंगावर घेऊनच धुराड्यातून निघून जायला हवा. पण तसे फारसे घडत नाही. खानापूरवरून लोंडा, कॅसल रॉक आणि पुढे घाट उतरून गोव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अशी इंजिने कित्येक दशके धावली. त्या घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. गाडी वर न्यायची तर भट्टी जोरात पेटती ठेवण्यावाचून गत्यंतर नसे, आणि धुराचा वेग वाढूनही नळ्या आपले काम करत राहत.

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1874 साली बॉयलरच्या तापपृष्ठावर लिहिलेल्या निबंधात याचे कारण दिले. प्रवाहातले भोवरे मधल्या भागातील कण भिंतीशी आणतात आणि भिंतीजवळचे कण मध्ये नेतात. भिंतीशी आलेला कण आपला वेग तिथे गमावतो, ते घर्षण. त्याच फेरीत तो आपली उष्णताही तिथे सोडतो. वाहक एकच असल्यामुळे दोन्ही व्यवहारांचे प्रमाणही एकच असले पाहिजे. वेग दुप्पट झाला की भिंतीवर येणाऱ्या कणांचा ओघ जवळपास दुप्पट होतो आणि कमी झालेल्या मुक्कामाची भरपाई होऊन जाते.

मलप्रभेचा उगम ज्या तालुक्यात कणकुंबीला होतो, त्या खानापुरात या विषयाच्या चर्चेसाठी आलेल्या प्राध्यापकांचे, साखर कारखान्यांतील अभियंत्यांचे, बॉयलरवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

रेनॉल्ड्स यांची कल्पना मोजमापात उतरते ती मितिहीन संख्यांमुळे. मीटर, सेकंद, अंश यांपैकी कोणतेही एकक या संख्यांना चिकटलेले नसते, म्हणून बोटभर नळीवर केलेला प्रयोग हातभर व्यासाच्या नळीलाही लागू करता येतो. रेनॉल्ड्स संख्या प्रवाहाचा जोर आणि त्याची श्यानता यांचे गुणोत्तर सांगते. रेनॉल्ड्स यांचे सहायक राहिलेल्या थॉमस स्टँटन यांच्या नावाची संख्या सांगते की, प्रवाह जितकी उष्णता वाहून नेऊ शकतो तिच्यातला किती वाटा भिंतीला पोचतो. स्टँटन संख्या घर्षण गुणांकाच्या निम्मी असते, एवढेच रेनॉल्ड्स यांचे समीकरण. एका ओळीचे हे समीकरण दाबमापकावरून उष्णतेचा अंदाज बांधू देते. उष्णता मोजण्याच्या मानाने दाब मोजणे किती सोपे असते, हे कारखान्यात उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

मात्र भिंतीला अगदी लागून असलेल्या पातळ थरात भोवरे पोचत नाहीत. तिथे संवेग श्यानतेने सरकतो आणि उष्णता वहनाने. या दोन वेगांचे गुणोत्तर म्हणजे प्रांड्टल संख्या. हवेसाठी ती 0.7च्या आसपास असते, म्हणून धुराच्या नळीत रेनॉल्ड्स यांचा हिशेब बराच जुळतो. पाण्यासाठी 25 अंशांना ती सुमारे 6 आहे, जाड तेलासाठी शेकड्यांत जाते. ही उणीव चिल्टन आणि कोलबर्न यांनी 1934 साली अनुभवसिद्ध दुरुस्तीने भरून काढली : स्टँटन संख्येला प्रांड्टल संख्येच्या दोन-तृतीयांश घाताने गुणले की घर्षण गुणांकाचा अर्धा येतो. प्रांड्टल संख्येच्या 0.6 ते 60 या मर्यादेत हे सूत्र भरवशाचे आहे.

सीमाभागातल्या साखर कारखान्यांतील ज्यूस हीटरची एक नळी घ्यावी. व्यास 40 मिलिमीटर, लांबी 10 मीटर, वेग सेकंदाला 2 मीटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून रसाच्या जागी 70 अंशांचे पाणी धरावे. गुळगुळीत नळीत दाब सुमारे 7,900 पास्कलने उतरतो, म्हणजे पाण्याच्या 80 सेंटीमीटर उंचीइतका. त्यावरून घर्षण गुणांक 0.004 निघतो. रेनॉल्ड्स यांच्या मूळ समीकरणाने स्टँटन संख्या 0.002 येते, दुरुस्तीनंतर ती 0.0011वर उतरते. त्यातून उष्णता संक्रमण गुणांक मिळतो तो चौरस मीटर-केल्व्हिनमागे सुमारे 8,800 वॅट. दुरुस्ती विसरली तर उत्तर दुपटीच्या जवळ चुकते.

याच सूत्रातून उष्णतेची किंमतही कळते. वेग दुप्पट केला तर उष्णता गुणांक 1.74 पट होतो, पण दाबाचा उतार साडेतीन पट आणि पंपाला लागणारी शक्ती जवळजवळ सात पट. घर्षण वाढवल्याशिवाय उष्णता वाढत नाही, आणि घर्षण नेहमी आपल्या वाट्यापेक्षा जास्त मागते.

खर धरलेल्या नळीत मात्र हे सूत्र डोळे झाकून वापरणे धोक्याचे आहे. आतून 1 मिलिमीटर खर बसला की व्यास 38 मिलिमीटर उरतो. तेवढाच प्रवाह रेटायला दाब किमान सव्वापट लागतो. सूत्र म्हणेल, वेग वाढला, उष्णता गुणांकही सुमारे 10 टक्क्यांनी वाढला. प्रवाहापुरते ते खरेच आहे. पण खराची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे 1 वॅट धरली, तर त्या मिलिमीटरभर थराचा विरोध एकट्या प्रवाहाच्या विरोधाच्या जवळजवळ नऊपट भरतो. दाब चढतो आहे आणि रस तापत नाही, ही तक्रार हंगामात येते ती इथूनच. म्हणून मापकावरचा आकडा स्वच्छ नळीच्या आकड्याशी ताडून पाहणे अत्यावश्यक ठरते.

खडबडीत नळीतही घर्षण उष्णतेपेक्षा जास्त वाढते, कारण उंचवट्यांवर आदळून वाया जाणाऱ्या दाबाला उष्णतेच्या बाजूला जोड नाही. नळ्यांच्या जुडग्यावरून आडव्या वाहणाऱ्या प्रवाहात एकूण अवरोधाचा मोठा भाग नळीमागच्या पोकळीमुळे येतो. तिथे केवळ पृष्ठभागावरचे घर्षण वेगळे काढून मगच सूत्र लावावे लागते. पारा, वितळलेले सोडियम यांसारख्या द्रव धातूंची प्रांड्टल संख्या शतांशांत किंवा त्याहून कमी असते. त्यांत उष्णता भोवऱ्यांची वाट न पाहता वहनानेच पसरते, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सूत्रे वापरावी लागतात.