सावित्रीबाई खानोलकर : एका सैनिकपत्नीची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या थोर स्त्रीच्या चरित्रावर चार शब्द बोलावेत, हा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. जिजाऊ, अहल्याबाई, सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे यांच्यावर आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मीही एका सावित्रीबाईंवरच बोलणार आहे. त्या खानोलकरांच्या सावित्रीबाई. त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकले असेल. पण त्यांच्या हातची एक वस्तू मात्र साऱ्या देशाला वंदनीय आहे. ती म्हणजे परमवीरचक्र.

सावित्रीबाईंचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेल येथे झाला. वडील हंगेरीचे, आई रशियन. मुलीचे नाव ईव्ह. वडील जिनिव्हाच्या विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात पुस्तकांना तोटा नव्हता, आणि मुलीला लहानपणापासून वाचनाची गोडी. १९२९ साली सुट्टीच्या दिवसांत फ्रान्समध्ये शामोनी येथे तिची एका मराठी तरुणाशी ओळख झाली. त्याचे नाव विक्रम रामजी खानोलकर. तो इंग्लंडात सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होता. ती अवघी सोळा वर्षांची. इतक्या दूरच्या देशात लेक द्यायची म्हटल्यावर वडिलांचे मन कसे तयार व्हावे? त्यांनी नकार दिला. परंतु मुलीचा निश्चय पक्का होता. ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौला दोघांचा विवाह झाला. ईव्हची सावित्रीबाई झाली.

नाव बदलणे सोपे असते, भगिनींनो. आपल्यापैकी बहुतेक जणींचे सासरी येताना काही ना काही बदललेच आहे. सावित्रीबाईंनी त्याहून पुष्कळ अधिक केले. त्यांनी मांसाहार सोडला. त्या मराठी बोलायला शिकल्या, हिंदी शिकल्या, संस्कृतचा अभ्यास केला. वेद, उपनिषदे, पुराणे वाचली. चित्रकला, संगीत आणि नृत्य यांचेही शिक्षण घेतले. नृत्यासाठी तर उदयशंकरांचे मार्गदर्शन लाभले. आपल्या संतांवर त्यांनी ‘सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. ज्या घरी आपण जन्मलो त्या घरच्या ठेव्याकडे आपण कितीदा पाहतो, आणि परक्या मुलुखातून आलेल्या एका सुनेने तो किती प्रेमाने उघडून पाहिला!

आणि हे सारे लष्करी संसार सांभाळून. माझे सासरे फौजेत हवालदार होते, म्हणून मला तो संसार ठाऊक आहे. बदलीचा हुकूम आला की भांडी पेटीत, पेटी रेल्वेत. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटायची. नवऱ्याची पोस्टिंग कुटुंब नेता येणार नाही अशा जागी झाली, तर बाई गावी सासरी आणि मनिऑर्डरची वाट. माझ्या सासूबाईंनी अशी बावीस वर्षे काढली. अधिकाऱ्याच्या पत्नीला बंगला असेल, नोकर असतील. पण पत्र आले नाही म्हणजे रात्री जी झोप उडते, ती दोघींची सारखीच.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यासाठी नवी शौर्यपदके हवी होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे ते काम होते. आकृती आपल्या मातीतली असावी म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना गळ घातली. त्यांचे पुराणांचे ज्ञान आणि चित्रकलेचा हात, दोन्ही त्यांना माहीत होते. सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराचा वध करायला इंद्राला शस्त्र हवे होते, म्हणून दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींचे वज्र झाले. सावित्रीबाईंनी कांस्याच्या वाटोळ्या पदकावर, मधल्या राजमुद्रेभोवती, अशी चार वज्रे रेखाटली. मागच्या बाजूला पदकाचे नाव आणि दोन कमळे. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचे ते पदक साध्या जांभळ्या फितीला लटकते. महावीरचक्र, वीरचक्र, अशोकचक्र यांच्या आकृतीही त्यांच्याच.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्राची घोषणा झाली, आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू धरले गेले. पहिले पदक मिळाले मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी, एक हात प्लास्टरमध्ये असताना, त्यांनी काश्मीरमध्ये बडगामला श्रीनगरचा विमानतळ वाचवताना प्राण दिला. योगायोग पाहा, हे सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर लागत. १९९९ पर्यंत एकवीस वीरांना हे पदक मिळाले. त्यांतले चौदा ते स्वतःच्या हातांनी घेऊ शकले नाहीत. ती पदके त्यांच्या घरच्यांनी घेतली.

मला येथे थोडे थांबायचे आहे. दधीचींची कथा आपण सांगतो, पण दधीचींच्या पत्नीची सांगतो का? पुराणात तीही आहे. एका कथेत तिचे नाव सुवर्चा येते. देव आश्रमात आले तेव्हा ती तेथे नव्हती. परत येऊन पाहते तो पती नाही. पोटात मूल होते. ते पुढे पिंपळाखाली वाढले, म्हणून त्याचे नाव पिप्पलाद. वज्र इंद्राला मिळाले, विजय देवांना मिळाला. सुवर्चेला काय मिळाले, हे विचारायला कोणी आले नाही.

सावित्रीबाईंच्या वाट्यालाही तो दिवस आला. १९५२ साली मेजर जनरल खानोलकर वारले. त्या वेळी बाईंचे वय होते एकोणचाळीस. संसार वीस वर्षांचा, आणि पुढचे आयुष्य अडतीस वर्षांचे! २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्या निवर्तल्या. या वर्षांत त्या माहेरी परतल्या नाहीत. रामकृष्ण मिशनच्या आश्रयाने त्यांनी साधना केली. सैनिकांची कुटुंबे आणि फाळणीत घरदार गमावलेली माणसे यांची सेवा त्यांनी केली होतीच. लेकींची आई, जवानांच्या बायकांची वडीलधारी आणि अभ्यासू लेखिका, अशा तिन्ही नात्यांनी त्या जगल्या. केवळ ‘अमक्याची विधवा’ म्हणून नव्हे.

आता आपल्याकडे वळते. दर २६ जानेवारीला आपण वीरपत्नीला व्यासपीठावर बसवतो, शाल-श्रीफळ देतो, टाळ्या वाजवतो. त्याच महिन्यात आपले संक्रांतीचे हळदीकुंकू असते. त्याचे बोलावणे तिच्या घरी जाते का? सासरे गेल्यावर माझ्या सासूबाई हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायच्या. बाहेरच्या खोलीत यायच्या नाहीत. कोणी ‘येऊ नका’ म्हटले नव्हते. पण ‘या’ असेही कोणी म्हटले नव्हते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. एका लहान गावाला जमले, ते आपल्याला का जमू नये?

काही ज्येष्ठ भगिनींना हे रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. रूढी एका दिवसात सुटत नाहीत, आणि कोणाच्या श्रद्धेवर मला घाव घालायचा नाही. कुंकू लावून घ्यायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. पण तिला विचारायचेच नाही, हे आपण तिच्या वतीने ठरवू नये. एवढेच माझे मागणे.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली, येत्या संक्रांतीचे बोलावणे वस्तीतल्या प्रत्येक घरी जावे, आणि वाण प्रत्येकीच्या हातात सारखेच पडावे. दुसरी, जवानांच्या ज्या पत्नी आणि माता आपल्या वस्तीत आहेत, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा दोघी जणींनी जावे. पेन्शनचे कागद अडले असतील तर त्यांच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. काही अडले नसेल तर चहा घेऊन यावे.

सावित्रीबाईंनी त्या पदकावर दधीचींची आठवण कोरली. सुवर्चेची आठवण ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.