अण्णा कर्वे यांचा संसार



पैनगंगेच्या काठच्या या गावी वसंत व्याख्यानमालेसाठी आपण आम्हांला बोलावलेत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आजचा विषय ‘प्रापंचिक माणसाची लोकसेवा’ असा आहे. कोठलेही चांगले काम अंगावर आले की आपण म्हणतो, “आम्ही बायकामुलांचे धनी, आम्हांला हे कसे जमणार?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका माणसाच्या आयुष्यात शोधणार आहोत. तो माणूस म्हणजे धोंडो केशव कर्वे.

कर्व्यांचा जन्म १८५८ सालचा. गाव कोकणातले मुरूड. मुंबईत शिकवण्या करून पोट भरायचे, तरी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी गावाच्या कामासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. १८९१ साली पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. दुसरा विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या ‘बाया’ झाल्या. ज्या मुरूडसाठी फंड काढला, त्याच मुरूडने या जोडप्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ गावी राहणाऱ्या वृद्ध मातेलाही लागली. परंतु कर्व्यांनी कडवटपणा धरला नाही.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. पुढे प्लेगच्या दिवसांत आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला आणि १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन काट्याकुट्यांची, चिखलाची वाट तुडवीत हिंगणे गाठायचे, आणि सकाळी पुन्हा पुण्यास परतायचे, असा त्यांचा क्रम होता. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि ऐकताना आपली मान आदराने लवते.

पण मित्रहो, त्या वेळी घरी कोण होते, हे आपण विचारतो का? पुण्यातल्या घरी बाया होत्या, मुले होती, आणि मिळकतीतला पैसा आश्रमाकडे वळत होता. साठवलेली शिल्लक तर गेलीच, पण बायकामुलांसाठी उतरलेला आयुष्याचा विमाही कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकला. बायांना हे सहजासहजी मानवले असेल, असे कोणी समजू नये. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी संसाराची ओढाताण आडपडदा न ठेवता सांगितली आहे. अशा पुरुषाची सून होणे सोपे, पत्नी होणे अवघड, हा सूर इरावतीबाई कर्वे यांच्याही लेखनात आहे, आणि त्या तर याच घरच्या सूनबाई!

मग कर्वे कुटुंबवत्सल नव्हते काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांनी घर सोडले नाही, घराचा उंबरठा पुढे सरकवला. आश्रमातल्या मुली त्यांच्या हिशेबी घरच्याच होत्या. बायाही रुसून बसल्या नाहीत. तक्रार तोंडावर करीत त्या आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. चारही मुलगे आपापल्या पायांवर उभे राहिले. रघुनाथरावांनी संततिनियमनाचे अवघड काम एकाकी केले, शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि भास्करराव पत्नी कावेरीबाईंसह हिंगण्याच्याच कामात राहिले. बापाला घराची माया नसती, तर मुलाने बापाचे काम पत्करले असते का?

१९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. एवढ्यावर कोणीही विसावला असता. पण १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून हे वृद्ध गृहस्थ पुन्हा दारोदार फिरू लागले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. पण ते भाग्य पाहायला बाया नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या होत्या. अण्णांनी १९६२ साली देह ठेवला.

आम्हांला एवढेच सांगायचे आहे. प्रपंच आणि सेवा यांत वैर नाही, पण सेवेचा खर्च कोणाच्या तरी पदरातून जातो. देऊळघाटातही शाळेसाठी, दवाखान्यासाठी, अडल्यानडल्यासाठी धावणारी माणसे असतील. त्यांचा सत्कार आपण जरूर करा. मात्र हार घालण्यापूर्वी त्यांच्या घरी एकदा जाऊन या. त्यांची वाट पाहत झाकून ठेवलेले ताट कोणी कितीदा गरम केले, ते विचारा, आणि दुसरा हार त्या हातांसाठी न्या. अण्णांचे स्मरण करताना बायांना विसरणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय. आणि अण्णा तर गणिताचे शिक्षक होते!