बाळाची दुसरी श्रवणचाचणी

(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



"याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते," हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. मग बाळाला वेखंड उगाळून चाटविले जाते आणि वर्ष निघून जाते. काही मुले पुढे आपोआप बोलू लागतात, म्हणून या समजुतीवरील विश्वास ढळत नाही. परंतु मूल बोलत नसल्यास त्याला ऐकू येते की नाही, हे आधी तपासले पाहिजे. जन्मतः बहिरे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, हसते. घरच्यांना शंका येत नाही. वर्षाच्या सुमारास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "आई ये" अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. ती झाली नाही म्हणून धावपळ सुरू होते, तेव्हा मोलाचा काळ सरलेला असतो.

दर हजार नवजात बालकांपैकी साधारण १ ते ३ बालकांत जन्मतः श्रवणदोष आढळतो. बाळ झोपेत असताना कानात बारीक नळी ठेवून ओ.ए.ई. चाचणी काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व वाचाउपचार, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

अडचण पुढेच आहे. नवजात बाळाच्या कानात स्राव राहिल्यानेही पहिली चाचणी सदोष येऊ शकते. म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, आणि तीही सदोष आल्यास बेरा तपासणी. पेठ वा सुरगाण्याच्या मातेला त्यासाठी एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी मोडावी लागते. बाळ तर दिसायला धडधाकट! मग ती येईल कशी? यंत्रासाठी देणगी सहज मिळते, त्यावर नावाची पाटी लागते. प्रवासभाड्यावर पाटी लावता येत नाही, हे मी हिशेबाच्या टेबलावरून सांगतो.

मातांनाही एक विनंती. बाळाशी आपल्याच घरच्या बोलीत भरपूर बोला, मग ती कोकणा असो वा अहिराणी. बोलीमुळे मुलाची वाचा अडत नाही.

देणगीदारांनी यंदा पावती करताना 'दुसऱ्या चाचणीचा प्रवासखर्च' असा उद्देश आवर्जून नोंदवावा, म्हणजे ती रक्कम स्वतंत्र खाती जमा करता येईल.